सोमवारचा उजेड

बाई, मी उडती तबकडी पकडली. तुम्ही असता तर वर्गातल्यासारखा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "पकडली म्हणजे काय? नीट सांग." म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा मी नवी शिपाई होते, टोपी नीट बसत नव्हती. आता हवालदार आहे, टोपी बसते आणि लोक मला मॅडम म्हणतात. मालेगावात तुम्ही भाड्याने राहत होतात त्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून जाताना अजूनही मान आपोआप वळते.

तर झालं असं, की ठाण्यापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचावं अशा एका गावातून मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागला. गावामागच्या टेकडीवर, तिन्हीसांजेला, आभाळात गोल लालसर उजेड. थरथरतो, जरा सरकतो आणि एकदम गप्प होतो. कोणीतरी वर लिहिलं, विमान नाही, ड्रोन नाही, उडती तबकडी. लांबच्या इंझोरी गावची माणसं बघायला येऊन गेली, त्याहून पुढे धनजपर्यंत व्हिडिओ पोचला. मग ठाण्यात रीतसर अर्ज आला. साहेबांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "जा मॅडम, परग्रहवाला दिसला तर आधी आधार कार्ड तपासा." सगळं ठाणं हसलं. मीही हसले, पण गावात गेल्यावर माझं हसू मावळलं.

टेकडीच्या पायथ्याशी एका विधवा बाईचं शेत आहे. आपल्याच समाजाची, विहारात पुढे बसून वंदना म्हणणारी, बोलायला तिखट. गावाच्या पारावरून पाहिलं तर उजेड बरोब्बर तिच्या शेतावर उभा दिसतो. पोरं म्हणत होती, तबकडी तिथेच उतरते, मातीचे नमुने नेते. म्हातारी माणसं दुसरंच म्हणत होती. त्या गावात सोमवारी सोंगणी-कापणी, मळणी काही करत नाहीत, महादेवाचा वार म्हणून. विळा नाही, बैल नाही, यंत्र नाही. ही बाई तो वार पाळत नाही, मागच्या वर्षी तिने सोमवारीच सोंगणीला हात घातला होता. आणि उजेड दिसतो तोही सोमवारीच. झालं, तबकडी असो की देवाचा कोप, खापर तिच्याच डोक्यावर. मजूर बायांनी तिच्या शेताची वाटच सोडली. मी बांधावर गेले तेव्हा ती सोयाबीनची एक शेंग हातात धरून उभी होती. शेंग बोटाखाली तडकली आणि दाणे मातीत सांडले.

"पोरी, तबकडी येवो का देव येवो, मले काय करा लागते? माह्या शेंगा तडकून राह्यल्या. आजून आठ दिवस असंच राह्यलं तं वावरात नुसत्या काड्या उरतीन. तू पोलीस हायेस ना? मजूर आनून दे."

मी म्हटलं, "मावशी, मजूर आणायचा कायदा नाही माझ्याकडे."

"मंग कायले आली?" ती म्हणाली आणि दुसरी शेंग दाबून पाहायला लागली.

परतताना मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. सातवीत असताना आपण वर्गात दोन डब्यांत मूग पेरले होते. एक डबा खिडकीत, एक तुमच्या कपाटात अंधारात. प्रकाश नाही म्हणजे बी उगवणार नाही, हे सगळ्या वर्गाला पाठ. अंधारातला डबा उघडला तर आत पिवळे, लांबलचक कोंब. मी ते पाहिलं, लिहिलंही, आणि बाकीच्या पोरींच्या वह्या पाहून खोडून टाकलं. संध्याकाळी तुम्ही मला घरी घेऊन गेलात. तव्यावर पोळी जळते आहे, धूर डोळ्यांत जातो आहे आणि तुम्ही तो डबा माझ्या नाकासमोर धरून उभ्या आहात. "डोळे तुझे आणि उत्तर वर्गाचं?" असं म्हणून तुम्ही मला असं झापलंत की मी रडायचीसुद्धा विसरले. मग ती करपलेली पोळी आपण दोघींनी गुळाशी खाल्ली. पुढे भरतीच्या धावण्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट तुम्हीच घेऊन दिलेत, पण मला पोलीस केलं ते त्या डब्याने.

सोमवारी मी मुद्दाम दुपारीच गावात गेले आणि पारावर बसून राहिले. शेजारी मजूर बायांची मुकादम येऊन बसली. तिच्या शब्दावर गावातल्या बाया कामाला जातात, नाहीतर जात नाहीत, म्हणून मला तीच हवी होती. दिवस मावळला, वारा पडला आणि टेकडीवर उजेड चढला. खरंच सुंदर होता, बाई. लोक उठून उभे राहिले, काहींनी हात जोडले. मी कान दिला. दुरून घरघर येत होती.

"आवाज कायचा आहे?" मी मुकादमीणबाईला विचारलं.

"हडंब्यावानी येते."

हडंबा म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र. तुमच्या वेळी अशी यंत्रं थोडी होती, आता गावोगाव आहेत.

"मग हडंबाच असेल की."

"काई बी काय बोलता मॅडम! आज सोमवार हाय. सोमवारी हडंबा कोन लावते?"

मी आणखी दोघांना विचारलं. दोघंही तेच म्हणाले. आवाज हडंब्यासारखा, पण हडंबा नव्हे, कारण सोमवार. बाई, सगळ्या गावाचे कान शाबूत होते आणि उत्तर वाराने दिलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी मुकादमीणबाईचा हात धरला आणि म्हटलं, चला टेकडीवर. ती "म्या नाई येत" म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही भिता असं मी गावात सांगीन. ती फणकाऱ्याने उठली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

वरून पलीकडचं सगळं दिसत होतं. खाली एक लहान वस्ती, खळ्यावर सोयाबीनची गंजी आणि गंजीला लागून धडधडणारा हडंबा. हडंब्यावर मोठा फोकस बांधलेला. वारा नाही, त्यामुळे कुटाराची, म्हणजे मळणीतल्या भुशाची, बारीक धूळ वर जाऊन तिथेच थांबलेली, आणि फोकसचा उजेड त्या धुळीत गोल पसरलेला. यंत्र थरथरलं की उजेड थरथरायचा, ट्रॅक्टर दुसऱ्या गंजीकडे सरकला की तोही सरकायचा. मुकादमीणबाईने वाकून निरखून पाहिलं. मग यंत्राचा रंग, त्यावरची झूल, पुढे लटकणारी लिंबू-मिरची तिने ओळखली आणि मटकन खाली बसली.

"अगं माय! हा तं आमच्या गावचाच हडंबा हाय!" आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, माझ्या गुडघ्यावर थापा मारत हसली.

गावचा हडंबेवाला मोठा देवभोळा. सोमवारी यंत्र धुतो, हार घालतो, "आज आरामाचा दिवस" म्हणून गावाबाहेर उभं करायला नेतो. नेतो तो टेकडीला वळसा घालून थेट वस्तीवर. वस्तीवर सगळी बौद्ध घरं, त्यांना वाराचं काही नाही, आणि इतर दिवशी त्यांच्या वाट्याला यंत्र येतच नाही. आम्ही खाली उतरलो तेव्हा त्याने कुटाराने माखलेले दोन्ही हात जोडले.

"मॅडम, गावात सांगू नका. तोंड दाखवाले जागा नाई उरनार."

मी म्हटलं, "मी कशाला सांगू?" आणि मुकादमीणबाईकडे पाहिलं. मी मोटारसायकलला किक मारेपर्यंत तिने अर्ध्या गावाला सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साऱ्या बाया घेऊन मावशीच्या शेतात उतरली. दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात म्हणून पहाटेच्या दवात विळे चालवले. पाचव्या दिवशी रान मोकळं झालं आणि गंजी उभी राहिली.

आता खरी गंमत. पुढच्या सोमवारी हडंबेवाल्याने भर गावातून, पारासमोरून, हार घातलेला हडंबा मावशीच्या शेतात नेला. कोणीतरी विचारलं, "काहून गा, आज सोमवार ना?" तो मोठ्याने म्हणाला, "महादेवानं साऱ्या गावाले उजेड दाखवला, मी का नाई म्हनू?" पारावरची माणसं हसली आणि मागोमाग शेतात आली. संध्याकाळी सगळ्यांच्या डोक्यावर तोच लालसर गोल उजेड चढला. ज्या पोरांनी तबकडीचा व्हिडिओ काढला होता तीच आता पेंढ्या उचलून देत होती. मीही गणवेशाच्या बाह्या वर केल्या. दाण्याची धार पोत्यात पडत होती आणि मावशी तिथे कंबरेवर हात ठेवून उभी होती. जिंकल्यावर माणूस कसं उभं राहतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मला इतकं भरून आलं की साहेबांचा फोन वाजत होता तो घेतलाच नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. ते माझ्या कपाटात राहील. लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी. काम आटोपल्यावर मावशीने माझ्या खांद्यावरचं कुटार झटकलं, मूठभर दाणे हातात दिले आणि विचारलं, "पोरी, असं पाहाले तुले कोनं शिकवलं वं?" तुमचं नाव ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत, अंगावर गणवेश असताना, ते घेतलं असतं तर मी लहान पोरीसारखी रडले असते.

मी म्हटलं, "ट्रेनिंगमध्ये शिकवतात, मावशी."