आडनाव नसलेले चोवीस जण

२ फेब्रुवारी २००४, अंबत्तूर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. फॅक्टरीतले चोवीस तपासनीस खराब बेअरिंगं पास करतात. त्यांना मी महिनाभर डोळ्यांचा व्यायाम देणार. प्रत्येकाच्या आधीच्या चुका, नंतरच्या चुका, जोडी लावायची, पेअर्ड टी-टेस्ट ही संख्याशास्त्राची चाचणी करायची. फरक सिद्ध झाला की ट्रेनिंग विभाग माझा, असं मॅनेजर बालाजीरावसाहेब म्हणाले. नाही तर परत स्टोअर. तिथे मी मेलो तरी जाणार नाही.

४ फेब्रुवारी
‘आधी’च्या चुका मोजल्या. गोंधळ नको म्हणून आडनावाचा रकाना ठेवला. इथे तमिळ लोकांत आडनावच नसतं म्हणे. कुणी बापाचं नाव लिहिलं, कुणी गावाचं. पाच तर नुसते ‘सेंथिल’. यांची लग्नं जुळतात कशी?

५ फेब्रुवारी
व्यायाम सुरू. तळवे चोळून डोळ्यांवर. दोघे झोपले. लागू पडतोय.

१ मार्च
‘नंतर’च्या चुका मोजल्या. नावं हजेरीपटावरून घेतली, तिथे बापाच्या नावाचं अक्षर पुढे लावतात: आर. सेंथिल, के. सेंथिल... यातला फेब्रुवारीतला कुठला? विचारलं. पाचही सेंथिल म्हणाले, सगळ्यात कमी चुका माझ्या. वैताग.

२ मार्च
डोकं लढवलं. दोन्ही रकाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. कमीसमोर कमी, जास्तीसमोर जास्त. फरक दणदणीत सिद्ध. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.

४ मार्च
साहेब खूश. तंजावरकडचे आहेत, मराठी जुन्या वळणाचं, पण खुशी कळते. त्यांनी कागद तपासायला कीर्तनाकडे दिले. ही संख्याशास्त्र शिकलेली नवी मुलगी. तपासायचंय काय त्यात?

५ मार्च
कीर्तना म्हणाली, अंकल, या जोड्या माणसांच्या नाहीत, आकड्यांच्या आहेत. सेंथिलचं ‘आधी’ मुरुगनच्या ‘नंतर’ला बांधलंय. ‘अंकल’ जास्त झोंबलं. मी म्हटलं, पुन्हा मोजू. ती म्हणाली, व्यायाम सगळ्यांचा झाला, आता ‘आधी’ कुठून आणणार? भयंकर संताप आला. तिचा नाही, सेंथिलांचा.

८ मार्च
स्टोअरला बदलीची ऑर्डर टेबलावर. नाव ‘डी. गजेंद्रन’. मी गजेंद्र दत्तात्रय खांबेटे. खांबेटे कुठेच नाही. म्हणजे बदली दुसऱ्याच कुणाची. बिचारा.

९ मार्च, दुपार
शिपाई माझी खुर्ची न्यायला आला, कीर्तनासाठी. मी ऑफिसात जाऊन चौकशी केली. फॅक्टरीत गजेंद्रन एकच आहे.