तुमच्या मुलाने सरळ केलेल्या पिना

आई, गेल्या महिन्यात तुमच्या मुलाने नव्या कॉम्प्युटरच्या पिना वाकवल्या, आणि मग स्वतःच्याच हाताने सरळ केल्या. तेव्हापासून तुम्हाला सांगावं असं वाटतं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीला आता तुमचा आवाजही नीट आठवत नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगायला गेले, तर यात सांगण्यासारखं काय आहे, असं तो म्हणेल. तुम्ही मात्र हातातलं शिवण मांडीवर ठेवून ऐकलं असतं, म्हणून लिहायला बसले.

हे निवृत्त झाले तेव्हापासून घरात कसे वावरतात ते तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. सकाळी वडाळीच्या तलावापर्यंत फिरून यायचं, आंघोळ करायची, आणि मग कचेरीत जायचं नाही हे आठवून खुर्चीत बसायचं. शेवटी लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर इथे आणून ठेवला आणि घरातले जुने फोटो साफ करायचं काम ह्यांच्या गळ्यात घातलं. त्यात हे रमले. तुमचा तो शाळेच्या पायऱ्यांवरचा फोटो, शिवणाच्या वर्गातल्या मुली मागे उभ्या असलेला, त्याच्यावरचे डाग काढायला ह्यांनी किती तरी दिवस घेतले. मग तो कॉम्प्युटरच बंद पडला. मी म्हटलं, नवा घेऊन टाकू. तर हे म्हणाले, तयार नको, सुटे भाग आणतो आणि मीच जोडतो. मी पोळी लाटत होते, लाटणं थांबलं. आमच्या लग्नानंतर ह्यांनी बल्बसुद्धा बदललेला मला आठवत नव्हता.

महिनाभर हे मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसले. कुठला भाग कुठे बसतो ते मला समजावून सांगायचे. मी आयुष्यभर कॉम्प्युटरचा क्लास चालवला, बिघडलेली यंत्रं उघडली, दुरुस्त केली, हे जणू ह्यांच्या ध्यानातच नव्हतं. मीही हो हो करत ऐकून घ्यायचे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. ह्यांना हवा होता तो इथे अमरावतीत मिळेना, म्हणून एस.टी.ने अकोल्याला जाऊन घेऊन आले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तरी चहाला उतरले नाहीत. तो डबा मांडीवर धरून बसून राहिले.

तुम्हाला प्रोसेसर मी कधी उघडून दाखवला नव्हता. काडेपेटीएवढा चौकोनी तुकडा असतो, आणि त्याच्या पोटाखाली शेकडो सोनेरी पिना, तुमच्या सगळ्यांत बारीक सुईच्या टोकासारख्या, ओळीने दाटीवाटीने उभ्या. प्रत्येक पिनेला खालच्या पाटीवर तिचं भोक असतं. एका कोपऱ्यावर बारीकशी तिकोनी खूण असते, ती खालच्या खुणेशी जुळवली की प्रोसेसर आपल्या वजनानेच आत बसतो. दाबायचं नसतंच. ह्यांनी ते सगळं व्हिडिओत पाहिलं होतं. पण त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून काम सुरू केलं, आणि घाबरलेल्या माणसाला समोरची खूण दिसत नाही तसं झालं. तुकडा खूण न जुळवताच ठेवला, बसेना म्हणून अंगठ्याने दाबला.

मी ओट्याशी वांगी चिरत होते. टेबलाकडून आवाज येईनासा झाला म्हणून बाहेर आले. ह्यांनी प्रोसेसर डब्यात घालून वर झाकण ठेवलं होतं आणि दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बसले होते. मी झाकण उघडलं. रानडुकरं लोळून गेली की जोंधळ्याची ताटं जशी एका अंगाला निजतात, तशा एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झाल्या होत्या. वाकलेल्या पिनांचा प्रोसेसर दुकानदार परत घेत नाही, हे ह्यांनाही ठाऊक होतं. पण तोंड उतरलं होतं ते त्यासाठी नव्हतं. तसं तोंड मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, तुमच्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात.

तुम्हाला ती दुपार आठवत असेल. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. उन्हाळा आहे, कूलरमधल्या वाळ्याचा वास घरभर भरला आहे, मामंजी कोर्टातून यायचे आहेत. हे वातींच्या स्टोसमोर उकिडवे बसले आहेत. जुन्या वाती काढल्या आहेत आणि नव्या वाती तारेने नळीतून वर ओढायचा प्रयत्न चालला आहे. वात निम्म्यावर येते आणि तार निसटते. पुन्हा घालतात, पुन्हा निसटते. मला राहवत नाही. मी हात पुढे करून म्हणते, "आणा इकडे." आणि बघता बघता सगळ्या वाती ओवून टाकते. मला वाटलं, नवऱ्याला मदत केली. ह्यांनी हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडले. जेवणाची वेळ टळून गेली तरी आले नाहीत. तुम्ही चुलीपाशी उभ्या होतात. तुम्ही सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या शिवणाच्या खोलीत बोलावलं. शाळेतून आल्या आल्या, लुगडंही न बदलता. मला समोर बसवलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "सुनबाई, एक आईक. त्याच्या हातातून काई घेत नको जाऊ. त्याच्या बापानं सारा जलम तेच केलं. पोरानं पतंग बांधाले घेतली, आण इकडे. आंबा चिराले घेतला, आण इकडे. आता त्याले कोनी तसं म्हनलं का तो हात धुऊन मोकळा होते. मोडलं तं मोडू दे. स्टो बजारात भेटते." मी मान खाली घालून बसले होते. मग तुम्ही मशीनचं चाक उगाच फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "मी त्या मानसापुढं कधी बोलली नाही. म्हनून तुले सांगून राहिली. अन् हे मी सांगतलं असं त्याले कळू नको देऊ."

सासूने सुनेला रागवावं आणि त्याच श्वासात स्वतःचं दुखणं तिच्या हाती द्यावं, हे मला तेव्हा झेपलं नाही. मला फक्त रागावणं ऐकू आलं. पण तुम्हीच नंतर, मी कॉम्प्युटरचा क्लास काढायचं म्हटलं तेव्हा, तीच खोली मला दिलीत. मामंजी गेल्याला फार दिवस झाले नव्हते. तुमच्या बहिणी म्हणाल्या, सून शेफारेल. एका सकाळी तुमचं शिवणाचं मशीन व्हरांड्यात निघालं, कपड्यांच्या गाठोड्यांवर चादर पडली, आणि रिकामी खोली झाडून तुम्ही मला हाक मारलीत. पुढे पावसाळ्यात वाछट आली की तुम्ही मशीन भिंतीकडे ओढून घ्यायच्या आणि पुन्हा पाय मारायला लागायच्या. आत माझ्या मुली टायपिंग शिकत असायच्या. माझ्या हातातून तुम्ही कधीच काही घेतलं नाहीत. उलट माझ्या हातांना जागा करून दिलीत.

तर त्या सकाळी ह्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "माह्याकून नाही होत हे," म्हणाले, "घे, तूच कर."

आई, माझा हात पुढे गेला होता. क्लासमध्ये मी असल्या पिना कितीदा सरळ केल्या असतील. खिटखिट करणाऱ्या पेन्सिलमधली शिशाची काडी काढायची, त्या पोकळ नळीत वाकलेल्या पिनेचं टोक घ्यायचं आणि हळूहळू उभं करायचं. वांगी काळी पडायच्या आत माझं काम झालं असतं. पण तुमच्या शिवणाच्या खोलीतलं ते बोलणं मला त्या क्षणी इतकं जवळून ऐकू आलं की मी हात पदराला पुसला आणि म्हटलं, "मले आता एवढं बारीक दिसत नाही. तुमीच करा. कसं ते मी सांगते."

"अन् मोडली तं?"

"मोडली तं मोडू द्या. दुसरा आणू."

ह्यांनी उठून लेकीच्या कपाटातून तसली पेन्सिल शोधून आणली. टेबल खिडकीपाशी ओढलं. चष्मा पुसला. पंख्याच्या वाऱ्याने पेपर फडफडतो म्हणून पंखा बंद केला. पहिल्या पिनेला हात लावायलाच किती वेळ घेतला. पिन नळीत गेली, जरा उठली. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं, पुन्हा जरा उठवली. घामाचा थेंब नाकावर आला की मागे सरकून पुसायचे. मी समोर बसून होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. नुसतं बसून राहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मधल्या ओळीतली एक पिन ह्यांनी जास्त लोटली, ती पलीकडे झुकली. अशी पिन मागेपुढे फार झाली की मुळातून तुटते. माझ्या दातांपर्यंत शब्द आले. तेवढ्यात हेच पुटपुटले, "थांब, घाई नको करू." स्वतःलाच म्हणाले. आणि पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग पुन्हा घेतली.

दुपार झाली. वांगी काळी पडली ती पडलीच. शेवटी ह्यांनी प्रोसेसर डोळ्यांसमोर आडवा धरला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला, खूण खुणेला लावली आणि बोटं सोडून दिली. तो अलगद आत बसला. बाकीची जोडाजोड करायला संध्याकाळ झाली. बटण दाबलं, आतला पंखा फिरायला लागला, पण पडदा काळाच. मग कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली. मला वाटलं हे काहीतरी बोलतील. हे म्हणाले, "भाजी काय आहे?" मी म्हटलं, पिठलं टाकते.

जेवताना मात्र घास हातात धरून म्हणाले, "बाबानं मले कधी कशालेच हात लावू देला नाही." एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आई, तुम्हाला सगळं दिसत होतं, तुम्हीच मला सांगितलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुम्ही कळू देऊ नको म्हणाला होतात. मी वाटीत पिठलं वाढलं. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता घरात कुठल्याच वस्तूची धडगत नाही. ह्यांनी न्हाणीचा नळ बदलला, तो गळतो. मिक्सर उघडला, तो अजून पूर्ण मिटलेला नाही. पण आता खुर्ची बहुतेक रिकामी असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की घडी घालून माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी ठेवीन. ह्यांच्या हाती ते लागू नये याचं आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून चष्मा लावला की मला अगदी स्वच्छ दिसतं. ह्यांनी मात्र माझं त्या दिवशीचं बोलणं मनावर घेतलं आहे. रोज सकाळी चहा झाला की समोर बसून मला पेपर वाचून दाखवतात, मरणाच्या बातम्यांपासून बाजारभावापर्यंत. मी तो पेपर हे फिरायला गेलेले असतानाच वाचून, पुन्हा होता तसा घडी करून ठेवलेला असतो. तरी ऐकते. मधेच विचारतेसुद्धा, मग पुढे काय झालं?