तीन पिशव्या पाणी

प्रिय बारक्या,

तुझा कागद मिळाला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिलीस, तीही पाहिली. 'ताई, नुसती सही कर, वाचत बसू नकोस, उगाच त्रास होईल,' असं तुझ्या चिठ्ठीत आहे. मी वाचला. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं वाचण्यात गेली. न वाचता काही उचलायची सवय नाही. पंपासाठी बोटीच्या तळाला पाडलेल्या भोकातून पाणी शिरलं, ते भोक तुझ्या दाजींनी पाडलं होतं, आणि हे त्यांच्या बायकोला मान्य आहे, असं त्यात लिहिलंय. सही झाली की चौकशीची फाईल बंद आणि तुझा परवाना मोकळा.

इकडे आम्ही ठीक आहोत. लेकीला चष्मा लागला. तुझ्या बायकोने पाठवलेला स्वेटर तिला आखूड झाला, पण घालते. बोट मागच्या शेडमध्येच आहे. अकरा महिने मी तिच्यावरची ताडपत्री उचलली नव्हती.

ती बोट आम्ही पोरीला तलावात फिरवायला घेतली होती. छत, मागे शिडी, डबे ठेवायला खण. तू फोनवर व्हिडिओ घेऊन आलास, दोरी धरून फळीवर उभी असलेली माणसं लाटेवरून उड्या मारताहेत. "दाजी, आपल्या बोटीवर वेकबोर्डिंग जमेल ना?" त्यांना काम सांगितलं की नाही म्हणता येत नसे, हे तुला माहीत होतं. दोन महिने ते शेडमध्येच होते. दोरी उंचावरून ओढली जावी म्हणून पाइप वाकवून कमान केली, तिच्या प्रत्येक पायाखाली आतून जाड पट्टी दिली, म्हणजे फायबर तडकू नये. चालवणाऱ्याला मागचं दिसावं म्हणून आरसा बसवला. मग मागच्या बाकांखाली पाण्याच्या तीन पिशव्या, आणि त्या तलावाच्या पाण्याने भरणाऱ्या पंपासाठी तळाला एक भोक, त्याभोवती पक्कं सील. मागची बाजू जड झाली की लाट मोठी उठते, हे तूच मला समजावून सांगितलं होतंस.

बोटीवर कंपनीची पट्टी होती, आठ माणसं, सहाशे किलो. एक पिशवी दीडशे लिटरची, म्हणजे दोन माणसांची. हे म्हणाले, आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, नातेवाईक राहतात. आणि मार्करने पिशव्यांवर लिहिलं, मामा-मामी, काका-काकू, आत्या-आतोबा. "मामा-मामी येऊन बसले की दोघांनी उठून जागा द्यायची. तेवढी रीत तरी बारक्याला कळेल." तुला हसून हसून चहाचा ठसका लागला होता. पुढे जाहिरातीचं शूटिंग ठरलं तेव्हा गिऱ्हाईक हसेल म्हणून तू ती नावं थिनरने पुसलीस. रात्री ते मला एवढंच म्हणाले, पुसलं तरी त्याला पाठ आहे.

खरंच पाठ होतं तुला. त्या दिवशी मी धक्क्यावर होते. ते सगळ्यात शेवटी बोटीत चढले आणि त्यांनी विचारलं, कोणकोण बसलंय? तू म्हणालास, "फक्त मामा-मामी, दाजी." बाकांची झाकणं बंद होती. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. बोटीत ते धरून सहा जण आणि तिन्ही पिशव्या भरलेल्या. आठाच्या बोटीत बारा. फळीवरचा पोरगा पडला, तू वेग एकदम कमी केलास आणि बोटीची स्वतःचीच लाट मागून आत आली. बाकीचे जॅकेटवर तरंगले. हे मात्र बाक उघडून पिशवीचं झाकण फिरवायला वाकले होते. त्यांच्या जॅकेटचा पट्टा बाकाच्या बिजागरीत अडकला होता.

तू जबाबात एकच पिशवी भरली होती असं सांगितलंस. मी तेव्हा गप्प राहिले. तुला वाटलं असेल, ताई आपल्या माणसांसाठी गप्प आहे. तसं नव्हतं. तू इतक्या ठामपणे बोललास की मलाच शंका आली, वाटलं, गेलं असेल त्यांच्या हातून एखादं सील नीट न बसता. अकरा महिने मी मनात त्यांना दोष दिला. हे मी तुला कधीच माफ करणार नाही. बुडालेल्या बोटीपेक्षा हे मोठं आहे.

तुझा कागद आला त्या संध्याकाळी ताडपत्री काढली. बोट जमिनीपासून उंच, लाकडी घोड्यांवरच होती. खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यांनी बसवलेलं सील बुडेल इतकं पाणी नळीने आत भरलं. प्रयोगशाळेत गळकं भांडं असंच शोधतात. तीन दिवस ठेवलं. कागद कोरडे, कडक. चौथ्या दिवशी चौकशीच्या साहेबांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा भरलं. तीन दिवसांनी ते स्वतः बोटीखाली रांगत गेले आणि कागद हाताने चाचपले. मग क्रेनवाल्याला शोधलं. त्याने लिहून दिलंय, बोट वर काढली तेव्हा तिन्ही पिशव्या टम्म होत्या. दोन झाकणं त्याने उघडली, तिसरं आधीच अर्धं फिरवलेलं होतं.

तुझ्या कागदावर मी सही केलेली नाही. माझा जबाब चार पानी झाला, त्याच्या प्रत्येक पानावर केली. रविवारी सकाळी दहाला तुझ्या नव्या बोटीचं उद्घाटन आहे. पत्रिका छान छापलीस. साहेब त्याच वेळी धक्क्यावर येतील, परवाना थांबवल्याचा आदेश आणि तुझ्यावरचे कागद घेऊन. मीही येईन. हे पत्र आज शुक्रवारी मुद्दाम हातोहात पाठवतेय. तुला सावध करायला नाही, कारण आता तुझ्याने काही होण्यासारखं नाही. साहेबांकडे सगळं जमा झालंय. पाणबुडे खाली गेल्यापासून ते वर येईपर्यंत मी धक्क्यावर पाऊण तास उभी होते. काय झालंय ते कळलेलं होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. तू तेव्हा गाडीत अंग पुसत होतास. तुला ते कसं असतं ते कळावं, म्हणून हे दोन दिवस.

तू मानलंस किंवा नाही, तुझीच सख्खी,
ताई