चित्रपटातली एकच चूक

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाहिला. डोकं सुन्न झालंय, पण रडले नाही. रडायला लावणारा चित्रपट नाहीच तो. रडवलं असतं तर सुटले असते – बाहेर यायचं, नाक शिंकरायचं, रिक्षा करायची. हा तसं सोडत नाही.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. एक नवरा, एक बायको, एक घर. नवरा पीत नाही, ओरडत नाही. बँकेत आहे. शेजारच्या म्हाताऱ्याला औषधं आणून देतो. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरते. त्या आवाजासरशी बायको उठते, पायांत चपला सरकवते, केसांवरून हात फिरवते, खुर्चीवरचं मासिक उचलून ठेवते. मग दार उघडतं. बस्. हेच परत परत. पार्श्वसंगीत नाही. मारतो ते दिसत नाही, कारण कॅमेरा गॅसवरच्या दुधावर. दूध वर येतं, उतू जातं, ओघळतं, करपतं आणि बंद करायला कोणी येत नाही. इतकं लांबवलंय की मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, गॅस तरी बंद करा कोणी." लोक हसले. आणि मग एकदम हसायचे थांबले.

नंतर तोच फडक्यात बर्फ बांधून तिच्या गालाला लावतो. हळुवार. "जपत जा गं जरा," म्हणतो. माझ्या अंगावर काटा आला तो इथे.

दैनिकातल्या परीक्षणवाल्याने लिहिलंय – 'अतिरंजित व एकांगी. नवऱ्याची बाजू मांडलेलीच नाही.' अरे, नवऱ्याची बाजू तर पहिल्या मिनिटापासून पडद्यावर आहे. किल्ली त्याच्याच खिशात आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण साप्ताहिकातल्या माझ्या चित्रपटांच्या सदरातून नाही. या चित्रपटावर नीट लिहायचं. हात राखून नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझी पद्धत ठरलेली. प्रत्येक चित्रपट दोनदा. पहिल्यांदा पडदा बघायचा, दुसऱ्यांदा माणसं. दुसऱ्या खेपेला मी पुढच्या रांगेत अगदी कडेची खुर्ची घेते आणि वळून बसते. थिएटरवाल्यांना सवय झालीय. नवीन लोकांना वाटतं, म्हातारीची मान आखडलीय.

दुसरा पास नेहमी वहिनीचा. दादा म्हणतो, "जा बाई, जा. तेवढाच तिला बदल." कुठलाही चित्रपट असो, वहिनी बाहेर पडताना एकच वाक्य बोलते – "छान होता." विनोदी असो, भुताचा असो. छान होता.

आज ती माझ्यापासून तीन खुर्च्या पलीकडे बसली. पिशवी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, चपला काढून पाय आखडून, आरामात. किल्लीचा आवाज झाला. मी माणसं बघत होते. कोणी खात होतं, कोणी फोन बघत होतं. वहिनीने पायांत चपला सरकवल्या. केसांवरून हात फिरवला. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मग पडद्यावरची बाई उठली.

मग! नंतर! मी हा चित्रपट आधी पाहिला होता, तिने नव्हता. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. किल्ली – चपला – केस. दर वेळी पडद्यावरच्या बाईपेक्षा वहिनी किंचित आधी.

मी उरलेला चित्रपट पाहिला नाही. माणसंही पाहिली नाहीत. एकच माणूस पाहिलं.

बाहेर चहा घेतला. मी काही बोलेना, म्हणून तीच बोलली. "चांगला आहे, वन्सं. एक चूक आहे फक्त."

छान होता म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोणती?"

"बर्फ फडक्यात नाही बांधत. फडकं भिजतं. मग वाळत घालावं लागतं, आणि वाळत घातलेलं कोणीतरी बघतं. मटारची पिशवी घेतात. थंडगार असते, गालाला बरोबर बसते, आणि काम झालं की परत फ्रिजरमध्ये. कोणाला काही कळत नाही."

साखर कमी पडलीय, हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"चहा गार होतोय तुमचा," म्हणाली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काही लिहवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी मी दादाकडेच जेवते. आज जरा लवकर गेले, मुद्दाम.

वहिनी स्वयंपाकघरात. रेडिओ लावलेला, पण इतका हळू की भांड्यालाही ऐकू जाऊ नये. आम्ही दोघी बोलत होतो. बाहेर कुलपात किल्ली फिरली. वहिनीने रेडिओ बंद केला, चपला घातल्या, केसांवरून हात फिरवला, ओट्यावरचं फडकं सरळ केलं. बोलत असलेलं वाक्य मात्र तोडलं नाही. इतकी वर्षं मी या घरात येतेय आणि मला वाटायचं, वहिनी टापटिपीची आहे.

दादा आला तो हसतच. दातांचा डॉक्टर, त्याचं हसूच त्याची पाटी. अर्ध्या शहराची तोंडं त्याने उघडलीत. घरातलं एक तेवढं कायम बंद.

"काय समीक्षक बाई, या आठवड्यात कोणाची सालं काढताय?"

मी चित्रपटाचं नाव सांगितलं.

"तो होय! हिला घेऊन गेली होतीस तोच ना? अगं, असली माणसं असतात कुठे? त्या लोकांना बक्षिसं हवी असतात, म्हणून काढतात असलं. काय गं, तुला तरी पटला का?" – हे वहिनीला.

"छान होता," वहिनी म्हणाली.

"बघ!" दादा म्हणाला. "हिला सगळंच छान वाटतं."

मी पाण्यात घालायला बर्फ आणायच्या निमित्ताने उठले. फ्रिजर उघडला. तळाशी मटारची पिशवी होती. मटार कसले, दगड! वितळून गोठून, वितळून गोठून सगळे एकमेकांना चिकटलेले. आणि मधोमध एक खळगा. उथळ, गोलसर. माझा तळहात त्यात ठेवून पाहिला. तळहाताचा नव्हता तो.

दादा मटार खात नाही. लहानपणापासून नाही. आई ओरडायची तरी ताटातून एकेक वेचून माझ्या ताटात टाकायचा. त्याच्या घरात मटार कशाला येतील?

वहिनी मागे येऊन उभी होती. मी फ्रिजर लावला.

"लिहू का?" मी हळूच विचारलं.

ती भात वाढायचा चमचा धूत होती. धुऊन झाला, पुसून झाला. मग म्हणाली, "माझं नाव नको. मटारचं मात्र लिहा. चूक आहे ती सांगायलाच हवी." आणि मग – "शुक्रवारी सकाळीच येतो ना तुमचा अंक? ते दवाखान्यात जायच्या आधी?"

"सकाळीच. पण तुम्ही गुरुवारीच माझ्याकडे निघून या. ऐकताय ना? खोली रिकामीच आहे."

"बघू," म्हणाली आणि भात घेऊन बाहेर गेली.

जेवताना दादाने मला दोनदा आग्रह केला. माझ्या भावासारखा यजमान नाही, असं सगळे म्हणतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

एका बैठकीत लिहून काढलं. खोडाखोड जवळजवळ नाहीच. इतकं सरळ मी कधी लिहिलं नव्हतं. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते, संपादकांनी कात्री लावली तर निदान इथे राहील:

'हा चित्रपट अतिरंजित असल्याचं काहींनी म्हटलं आहे. प्रस्तुत लेखिकेला त्यात एकच चूक आढळली. नवरा बर्फ फडक्यात बांधतो. अशा घरात तसं होत नाही, फडकं ओलं दिसतं. अशा घरात फ्रिजरच्या तळाशी मटारची पिशवी असते. घरात मटार कोणी खात नसलं, तरी असते. तिच्या मधोमध एक खळगा असतो, आणि तो ज्याने केला त्याला तो कधी दिसलेला नसतो. आता दिसेल.'

'आता दिसेल' ठेवावं की नाही, यावर बराच वेळ घातला. ठेवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

संपादक! अर्धा तास डोकं खाल्लं. माणूस वाईट नाही, पण वाक्य दिसलं की हात शिवशिवतात.

"बाई, हे मटारचं काय मधेच? वाचक म्हणतील पाककृतींचं सदर सुरू केलं."

"म्हणू देत."

"काढू या का तेवढं? बाकी झकास आहे."

"ते काढायचं तर सगळंच काढा. आणि वरचं माझं नावही काढा. कायमचं."

कवळी जिभेने वर ढकलून खाली पाडली – विचारात पडले की तसं करतात. कवळी दादाचीच करणी. "अहो, इतकं काय आहे त्यात?"

"चूक आहे. चूक दाखवायची नाही तर परीक्षण कशाला म्हणायचं?"

"बरं, बरं. पण सदराच्या खाली तुमच्या बंधूंची जाहिरात असते. 'मनमोकळं हसा, दातांचं आमच्यावर सोडा.' वर हे असलं आणि खाली ते. बरं दिसेल का? जाहिरात दुसऱ्या पानावर टाकतो."

"अजिबात नको," मी म्हटलं. "जागा बदलायची नाही. तिथेच शोभते."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. काय समजले कोण जाणे. पण लाल पेन खिशात ठेवलं. जिंकले!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खोली झाडली. गादी उन्हात टाकून आणली. नवी चादर घातली, कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. वहिनीला चहात आलं आवडत नाही – लक्षात ठेवायचं.

वाट बघून दुपारी मीच फोन केला.

"मी नाही येत आज," म्हणाली.

"वहिनी, उद्या ते छापून येतंय. तो ओळखणार. मग?"

"ओळखू दे की. त्यासाठीच ना लिहिलंत?"

"तुम्ही त्या घरात असताना नको."

"घर माझ्या वडिलांनी मला दिलंय, वन्सं," म्हणाली. मला माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, पण दादा 'माझं घर, माझं घर' इतकं म्हणतो की विसरायला होतं. "बघू उद्या. अंक तर येऊ दे."

हट्टी बाई. इतक्या वर्षांत हट्ट केलेला कधी पाहिला नव्हता, आणि मुहूर्त काय शोधला!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

आलं. अक्षर न् अक्षर आलं. खाली दादाचे पांढरेशुभ्र दात. 'मनमोकळं हसा.' मी मनमोकळं हसले. एकटीच.

वहिनीला फोन.

"वाचलं," म्हणाली. "मटार बरोबर आलेत."

"दादाने पाहिलं?"

"अजून नाही. अंक घेऊन दवाखान्यात गेलेत. पेशंट यायच्या आधी वाचतात ते, चहा घेताना."

"मग निघा. आत्ताच्या आत्ता. मी रिक्षा घेऊन येऊ का?"

"नको, ठेवते मी. माणूस आलाय." आणि ठेवलासुद्धा. कोण माणूस?

दुपार

दादाचा फोन. आवाज शांत. खूप शांत – हाच तो आवाज, आता मला ओळखू येतो.

"तू काय लिहिलंयस हे?"

"परीक्षण. का, नाही आवडलं?"

"तुझ्या डोक्यात काय चाललंय ते सांग मला. त्या शेवटच्या… त्या एका वाक्यात."

"कुठलं वाक्य, दादा?"

पलीकडे अंकाचं पान फडफडलं.

"खूप वाक्यं आहेत रे. कुठलं खटकलं ते सांग, पुढच्या अंकात खुलासा करते. तुझ्या नावाने करते."

विचारलं तर कबूल होतं, आणि नाही विचारलं तर गिळावं लागतं. लोकांना तोंड उघडा म्हणणारा माझा भाऊ तोंड उघडू शकत नव्हता. मी थांबले. घाई नव्हती मला.

"जाहिरात बंद करतोय मी," शेवटी म्हणाला. "आणि घरी गेल्यावर बघतो."

त्या 'बघतो'नंतर वहिनीला लगेच फोन केला. उचलत नाही. पुन्हा केला. उचलत नाही. तासाभराने पुन्हा. नाही. आता साडी बदलते आणि जातेच. वहिनीच्या गादीवरची चादर तेवढी नीट करून –

संध्याकाळ

चपला घालत होते तोच बेल वाजली. आली बाई एकदाची, म्हणून धावत दार उघडलं.

दादा. दवाखान्यातला पांढरा कोट तसाच अंगात, हातात घराची किल्ली.

"लागत नाहीये," म्हणाला. "नवीन कुलूप आहे."

"आणि वहिनी? घरात नाही?"

"आहे," म्हणाला. "आत रेडिओ लावलाय. मोठ्याने."