डॉक्टरांच्या जानव्याची किल्ली

ता. ९ डिसेंबर १९२९, सोमवार

सुभद्राबाईंनी पेटी बांधली. पुण्याच्या साप्ताहिकाला सोलापूरच्या बातम्या पाठवणाऱ्याला दवाखानाही चालवता येतो, असा भवानी पेठेतल्या कमिटीचा समज. म्हणून दिवाळीपासून मी धर्मार्थ दवाखान्याचा चिटणीस. सुभद्राबाई आमच्या एकुलत्या एक नर्स. त्या गेल्या की बाळंतिणींना वाली नाही.

कारण, औषधांच्या कपाटाची किल्ली. ती डॉ. बापूसाहेबांच्या जानव्याला. आज पहाटे एका विणकराची सून बाळंत झाली, रक्त थांबेना. औषध कपाटात, किल्ली डॉ.च्या घरी, डॉ. सोवळ्यात. कंपाउंडर इमाम अंगणातून हाका मारतोय, आतून घंटानाद. पूजा आटोपून डॉ. आले. पोरगी वाचली, हे तिचे नशीब.

बाई म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडं द्या, न्हाईतर रविवारच्या गाडीनं मी सांगोल्याला. लई झालं."

ता. ११, बुध.

शास्त्रात उपाय चार. आज साम. डॉ.च्या घरी गेलो, चहा घेतला, विषय काढला.

डॉ. मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, टांग्याचा लगाम दोघांच्या हाती देता का?"

टांग्यात बाळंतपणे होत नाहीत, हे उत्तर सुचले ते चौकात आल्यावर. दाम: कमिटीपुढे हा शब्द काढायचा नसतो. भेद: माझ्या आधीपासून आहेच. दंड: डॉ. सहा फूट उंच. सौ. म्हणते, "दंड स्वतःलाच करा. चिटणीस व्हा म्हणून कोण मागं लागलं होतं?"

ता. १४, शनि.

आमच्या पाठशाळेत वादसभेला सर्वांत धाकटा आधी बोले, गुरुजी शेवटी. मोठा आधी बोलला की वाद तिथेच संपे. तीच रीत आज दवाखान्यात. चौघे एका सतरंजीवर. डॉ.ना म्हटले, आपण गुरुस्थानी, आपण शेवटी. ते खूश. पुढे काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

इमाम बोलला, थोडे. मग सुभद्राबाई. त्या पहाटे त्यांनी पोरीचं पोट मुठीनं दाबून धरलं, किल्ली येईस्तोवर सोडलं नाही, हात भरून आले. "सोडलं असतं तर गेली असती की."

डॉ. दोनदा मध्ये बोलायला गेले. मी बोट वर केले. (वीस वर्षांनी कुणाला गप्प केले. बरे वाटले.)

त्यांची पाळी आली तेव्हा भाषण विसरले होते. "मला वाटलं, माझ्या औषधानं... हे मला कुणी सांगितलं नाही."

इमाम: "साब, आप पूछेच नै."

सभा बरखास्त.

ता. १५, रवि.

गाडी दुपारची. सकाळी दवाखान्यात ठाकठोक. डॉ. स्वतः खिळा ठोकताहेत! जानव्याची किल्ली सुटली, खिळ्याला लागली. "आता झालं समाधान? कुणीही घ्या." मीही गदगदलो, टाळी वाजवायचा बाकी.

मग बाईंनी हात वर केला. खिळा डॉ.च्या उंचावल्या हाताला पुरेल असा. बाई त्यांच्या छातीइतक्या. टाचा उंचावल्या, उडी मारली. नाही.

गाडी मात्र बाईंनी चुकवली. बांधलेली पेटी काही सोडली नाही.

ता. १८, बुध.

खिळ्याखाली स्टूल. इमामची व्यवस्था. डॉ.ना स्टूल दिसते, वाटेत येते, आज नडगीलाही लागले, पण "खिळा मी ठोकला, तो तिथंच राहील." बाई: "मग पेटी बी बांधलेलीच राहील. पोटुशी बाई सोडून मी स्टुलावर चढू व्हय?"

मी म्हटले, खिळा खाली घ्यायला कितीसा वेळ लागतो? डॉ. म्हणाले, "वेळेचा प्रश्न नाही." तेच तर.

ता. २१, शनि.

सतरंजी पुन्हा. आज डॉ. न सांगता शेवटी बोलले. पुढच्या आठवड्यात दोन बाळंतपणे आहेत, त्यांतले एक अवघड. "बाई, आडवं मूल आहे. तुम्ही काय कराल?" मग मी ऐकतोय हे पाहून खोकले. बाईंनी सांगितले. ते ऐकत राहिले.

बाईंना बाहेर विचारले, पेटीचे काय? "बघू की. उद्या रविवार हाय."

ता. २२, रवि., सकाळी

आत्ता डॉ.चा गडी येऊन आमची हातोडी पुन्हा मागून घेऊन गेला. कशाला, ते त्याला ठाऊक नाही. गाडीला अजून अवकाश आहे. टोपी घालून निघतोच.