दुसऱ्या भागातले चाळीस सेकंद

१२ जानेवारी, रविवार
मोहिनीला तिच्या झोंबीच्या पिक्चरमध्ये हे हवेत. दुसऱ्या भागात! वर्षश्राद्धाला महिना उरला आणि पोरगी बापाला पडद्यावर उठवणार. म्हणे, "आई, पहिल्या भागाच्या वेळचं पप्पांचं शूटिंग पडलंय मोबाईलात. चाळीस सेकंद फक्त. तू हो म्हण." नाही म्हटलं. गेलेल्या माणसाला हाक मारू नये. त्याची पुढची वाट अडते.

१४ जानेवारी
संक्रांत. मोहिनीचा अबोला. लाडू मात्र चार खाल्ले.

१७ जानेवारी, शुक्रवार
दुसरा भाग पाहिला — यांच्याशिवायचा. पुतण्या भूपेंद्रने नंदुरबारहून भाड्याचा कॅमेरा आणलेला. नको ती हौस! चित्र लख्ख, मढ्यांच्या तोंडाला रंग. शेजारची कमलीबाई म्हणाली, "हाऊ मुडदा तं भांग पाडीसन उना!" मढं आणि भांग पाडून आलेलं! भूपेंद्रसुद्धा हसला.

पहिल्याला कोणी हसलं नव्हतं. केळीच्या बागेत कोणाचा तरी मोबाईल सापडतो आणि त्यात जे भरलंय तोच पिक्चर. सगळं हलतं, पानं तोंडावर आपटतात, धरणारीला धाप लागलेली ऐकू येते. मग हे दिसतात. खोडाला टेकून बसलेले, हात छातीवर, तोंड उघडं, नजर आपल्यावर! कमलीबाई आठ दिवस बागेत गेली नव्हती. "शांतीलालभाऊनी काय काम कयं!" — गावभर यांच्या कामाचं तेच कौतुक. पंधरा दिवसांनी हे गेले.

दुसऱ्यात इतकं पळतात, पण कोणाला धापच लागत नाही. भीती वाटणार कशी?

२० जानेवारी, सोमवार
आज मोहिनी बोलली. ते चाळीस सेकंद जोडले की दुसऱ्या भागात बाप बरा होतो म्हणे. उठतो, चालत घरी येतो, चहा मागतो. "पहिल्या भागात तो उठलाच नाही ना, आई." भाकरी थापता थापता माझे डोळे भरले. म्हटलं, आधी मला सगळं शूटिंग दाखव, मग ठरवते. तिचा चेहरा उतरला. "सगळं नको." का नको? दिवसभर हेच डोक्यात.

२५ जानेवारी, शनिवार
एकादशी. पूजा आटोपून तिच्याजवळ बसले. शेवटी दाखवलं.

हे चालता चालता खाली बसतात. "थांब बेटा, जरा बसू दे." मागून मोहिनीचा आवाज — "मस्त, पप्पा! आणखी एकदा. तोंड उघडंच ठेवा!" हे हसतात. कपाळावर घाम. खोडाला धरून उठतात. पुन्हा बसतात. पुन्हा उठतात, तिसऱ्यांदा बसतात.

"मी त्यांना तीनदा बसवलं, आई. त्यांना खरंच छातीत दुखत होतं आणि मी तीनदा..." वर्षभर पोर हे एकटीच पोटात घेऊन फिरत होती!

डोकं जवळ घेतलं तिचं. म्हटलं, तुला काय माहीत होतं. एवढंच म्हटलं. पुढचं तोंडातच राहिलं.

२६ जानेवारी
छातीत दुखतंय हे त्यांनी मला शूटिंगच्या महिनाभर आधी सांगितलं होतं. ओव्याचं पाणी दिलं. डॉक्टर उगाच दहा तपासण्या लावतो, नको म्हटलं. मीच. आज मोहिनीला सगळं सांगितलं. मग मीच म्हटलं, घे ते चाळीस सेकंद.

"आता नको," म्हणाली. "पप्पांना जरा बसू दे."