सफरचंदाचा केक, वीसपैकी वीस

बाई,

आज केक केला. आता लातूरच्या घरात ओव्हन आहे, लोणी आहे, अंडीही घालते. तरी सफरचंदाच्या फोडी तुम्ही सांगितल्या तशाच, सालीसकट, वरून गोल लावते. हाताला तेच वळण लागलंय. प्रेमाने आठवण काढतेय असं समजू नका.

उदगीरच्या शाळेत नववीला गृहविज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला वाळू, वर डबा. मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप, दही, सोडा आणि प्रत्येकीने घरून एक सफरचंद. आमच्याकडे सफरचंद फक्त आजारपणात यायचं. वडील पंचायत समितीत शिपाई. त्यांनी ते कागदात गुंडाळून आणलं आणि म्हणाले, ''लाल बघून आणलंय. मॅडमला नाव ठेवायला जागा नको.''

तुम्ही ओळीने येताय. हातात स्वेटर विणायची सुई. प्रत्येक केकात ती खुपसून बघता, पदराला पुसता, मग चमच्याने घासभर खाता. ''साखर कमी.'' ''करपलाय गं, लक्ष कुठं होतं?'' माझ्यापाशी येता. सुई आत जाते, कोरडी बाहेर येते. ''छान फुगलाय,'' म्हणता, वहीत वीसपैकी वीस लिहिता आणि सुई धुऊन आणायला सांगता. चमचा दुसऱ्या हातातच राहतो. मी वर्गातली एकटी बौद्ध मुलगी होते. पण तेव्हा मला वीसच दिसले. इतके कुणालाच नव्हते.

वाटेत मैत्रीण म्हणाली, ''तुझा बाईंनी खाल्लाच न्हाई की गं.''

''पोट भरलं असंल.''

''तुझ्यानंतर माझा खाल्ला. दोन घास.''

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ती जे दिसलं ते सांगत होती. घरी वडील दारातच उभे होते. मार्क ऐकून म्हणाले, ''मॅडमला लई आवडला म्हण की!'' मी ''हाव'' म्हटलं. ते गल्लीभर सांगून आले. मरेपर्यंत कुणी पाहुणा आला की सांगायचे, आमच्या पोरीच्या हातचा केक मॅडमने खाल्ला आणि पैकीच्या पैकी दिले. दर वेळी मी मान हलवली. नापास केलं असतं तर मी भांडले असते, वडीलही हेडमास्तरांकडे गेले असते. तुम्ही पैकीच्या पैकी देऊन तोंड बंद केलंत. हे तुम्हाला कळत नव्हतं, असं मी मानत नाही. तुम्ही हुशार होतात.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही लातूरला मुलाकडे अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी केक करून, डब्यात घेऊन निघाले. तुमची नजर गेली होती. मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. तुम्ही हाताने माझं तोंड चाचपलंत.

''वीसपैकी वीस! अजून करतेस का गं केक?''

''कधीमधी.''

''वास येतोय कशाचा तरी.''

''काही नाही बाई. साबणाचा असंल.''

तुम्ही हसलात. म्हणालात, ''आता मी सगळं खाते गं. कुणाच्याही हातचं.''

कुणाच्याही. इतक्या वर्षांनी तुम्हाला एवढाच शब्द सापडला. मी पाच मिनिटांत उठले. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली, तरी राग कमी झालेला नाही आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं.

एक मात्र खरं. डबा सगळा वेळ माझ्या मांडीवर होता. तुम्ही एक घास खाऊन नुसतं ''छान'' म्हणाला असतात, तरी मी तिथेच रडले असते. म्हणून उघडला नाही.